डेटा सेंटरवाल्यांची बिरादरी

कापडाच्या बाजारात एक जुनी रीत आहे. आपल्या मालात दोष निघाला की तो घरातल्या घरात मिटवावयाचा. ताक्यात तुटक्या तारांच्या रेघा आल्या, सायझिंग कच्चे राहिले, रंग पहिल्याच धुण्यात उतरला, तर गुपचूप माल परत घ्यावा, बट्टा द्यावा, पण शेजारच्या पेढीला त्याचा वास लागू देऊ नये. शेजाऱ्याला कळले की संध्याकाळपर्यंत सगळ्या दलालांना कळते आणि दुसऱ्या दिवशी भाव पडतो. आम्ही तीस वर्षे ग्रे कापडाचा व्यवहार करीत आलो आहोत. दोष चारचौघांत मांडणारा व्यापारी शहाणा, असे म्हणणारा मनुष्य आम्हाला या काळात भेटल्याचे आठवत नाही.

म्हणूनच अगदी निराळ्या अशा एका धंद्यातील लोकांनी नेमकी याच्या उलट रीत पाडली आहे, हे समजल्यावर आम्ही त्याची चौकशी केली. हा धंदा डेटा सेंटरचा. एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या कंपन्यांची माणसे वर्षातून ठराविक वेळा दार बंद करून एकत्र बसतात आणि आपल्याकडे काय बिघडले, का बिघडले, कोणाचा हात कोठे चुकला, हे एकमेकांस सांगतात. त्याची वही ठेवली जाते. ती वही १९९४ सालापासून चालू आहे.

आमच्या काही वाचकांना डेटा सेंटर हा संगणकवाल्या पोरांचा विषय वाटेल. तसे ते नाही. डेटा सेंटर ही मुळात एक इमारत आहे, आणि ती चालविणे हे वीज, डिझेल, पाणी, बॅटरी आणि थंड हवा यांचे काम आहे. आत लोखंडी कपाटांच्या रांगा असतात व त्यांत रात्रंदिवस चालणारे संगणक. त्यांना सर्व्हर म्हणतात. सर्व्हर वीज खातो आणि जवळजवळ तेवढीच उष्णता बाहेर टाकतो. ती उष्णता काढून घेतली नाही तर थोड्याच वेळात यंत्र आपोआप बंद पडते. वीज गेली तर बॅटरीवर चालणारी यूपीएस काही मिनिटे भार उचलते, तेवढ्यात खालची डिझेल जनित्रे सुरू होऊन भार आपल्या अंगावर घेतात. या चार-सहा मिनिटांच्या खेळात एक स्विच जरी अडला तरी सगळे गेले. भिवंडी-मालेगावच्या माणसाला भारनियमन आणि जनित्र यांविषयी नव्याने काही सांगावयास नको. फरक एवढाच की आमचा माग बंद पडला तर तार तुटते, तेथे शहराचा व्यवहार तुटतो.

प्रमाण कळावे म्हणून एक हिशेब देतो. साध्या यंत्रमागाची मोटर एक हॉर्सपॉवरची धरा. एक मेगावॉट म्हणजे सुमारे १३४० हॉर्सपॉवर. नवी मुंबईत तीस मेगावॉटची एक इमारत ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. म्हणजे एका छपराखाली चाळीस हजार माग एकदम चालावेत, अखंड चालावेत, दिवाळी नाही, ईद नाही, रविवार नाही, आणि वर्षभरात एक मिनिटही थांबू नयेत, अशी ती अट आहे.

आता याच्याशी आपला संबंध काय? जीएसटी २०१७ च्या जुलैत आला, २०१८ पासून ई-वे बिल आले, यूपीआय त्याच्या आधीच २०१६ साली सुरू झाले होते. आज भिवंडीहून निघालेला ट्रक त्या बिलाच्या क्रमांकाशिवाय नाक्यावरून पुढे सरकत नाही आणि हातमागरी चहावालाही फोन पुढे करतो. ही सारी लिखापढी कोठल्या तरी डेटा सेंटरात बसलेली आहे. आपली पेढीची वही आपल्या गादीखाली होती तोवर तिची राखण आपण करीत होतो. आता ती दुसऱ्याच्या ताब्यात अमानत आहे. एक उदाहरण सर्वांच्या समोर घडलेले आहे. २१ नोव्हेंबर २०२० रोजी एचडीएफसी बँकेच्या मुख्य डेटा सेंटरमधील वीजपुरवठ्यात बिघाड होऊन तिच्या ऑनलाइन सेवा आणि पैसे भरण्या-देण्याची व्यवस्था कोलमडली. अशा घटना आधीही घडल्या होत्या म्हणून रिझर्व्ह बँकेने डिसेंबरात त्या बँकेला नवे डिजिटल उपक्रम आणि नव्या क्रेडिट कार्डांचे ग्राहक घेणे तूर्त थांबवावयास सांगितले. कार्डांवरील बंदी ऑगस्ट २०२१ मध्ये आणि उरलेली मार्च २०२२ मध्ये उठली. देशातील सर्वांत मोठ्या खाजगी बँकेचा एवढा कारोबार सव्वा वर्ष अडून राहिला, आणि त्याच्या यादीतला एक धागा विजेच्या खोलीपर्यंत पोहोचत होता.

वहीची सुरुवात

हा सगळा व्याप ज्यांच्या डोक्यावर असतो त्या माणसांना पूर्वी आपला असा पेशाच नव्हता. संगणकवाल्यांच्या लेखी तो इमारतीचा इंजिनियर, इमारतवाल्यांच्या लेखी तो संगणक खात्याचा माणूस. सगळे ठीक चालले तर त्याचे नाव कोणी घेत नाही, आणि बिघडले की सर्वांत आधी त्यालाच शोधतात. गिरणीतल्या बॉयलर अटेंडंटसारखी ही जागा. अशा माणसाला दुसऱ्या कंपनीतील आपल्यासारख्याच माणसाचा मशवरा मिळणे कठीण, कारण दोघांचे मालक एकमेकांचे वैरी.

अमेरिकेत संगणक-खोल्या चालविणाऱ्या व्यवस्थापकांची एफकॉम ही संघटना १९८० पासून आहे. परंतु वीज आणि थंडावा सांभाळणाऱ्यांना एकत्र आणण्याचे मोठे काम केनेथ ब्रिल नावाच्या इंजिनियरने केले. हा मनुष्य यूपीएसच्या धंद्यातला जाणकार. १९८९ साली ज्यांच्या यंत्रांना क्षणभरही खंड चालत नाही अशा वापरदारांचा एक गट त्याने जमविला आणि १९९३ साली अपटाइम इन्स्टिट्यूट ही संस्था काढली. मोठ्या बँका, विमा कंपन्या, टेलिफोनवाले, विमान कंपन्या अशांचे इमारत-प्रमुख तिच्या मंडळाचे सभासद होत गेले. १९९४ पासून सभासदांकडच्या बिघाडांची नोंद एका ठिकाणी होऊ लागली. तिला ते असाधारण घटनांचा अहवाल म्हणतात. आज अशा नोंदी हजारोंनी आहेत.

ही गोष्ट जमली कशी, हा आमच्या मते या साऱ्या प्रकरणातला खरा प्रश्न आहे. मंडळे काय, आपल्या बाजारातही पुष्कळ आहेत. वर्षातून एकदा जेवण, हारतुरे, ठराव आणि फोटो. ब्रिल यांच्या मंडळात तीन गोष्टी निराळ्या होत्या. पहिली म्हणजे बैठकीत बसणारा मनुष्य स्वतः इमारत चालविणारा असावयाचा. यंत्रे विकणाऱ्याला त्या खोलीत खुर्ची नाही. विकणारा आला की गप्पांचा रंग बदलतो, हे आम्हाला सुताच्या बैठकांवरून ठाऊक आहे. दुसरी, जे सांगितले जाईल ते बाहेर जाणार नाही असा लेखी करार. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, नोंद करताना कोणाकडे झाले हे झाकावयाचे आणि काय झाले ते उघडे ठेवावयाचे. अमुक बनावटीचा स्विच अमुक स्थितीत अडकला, बॅटरीची तपासणी चालू असताना दुसरी बाजूही बंद झाली, जनित्राला डिझेल पोहोचविणाऱ्या पंपाची वीज त्याच जनित्रावर अवलंबून होती, अशा प्रकारचे ते दोष असतात. कंपनीचे नाव त्यात नसले तरी दुसऱ्या शहरातला मनुष्य ते वाचून आपल्या तळघरात जातो आणि आपला पंप पाहून येतो.

पुष्कळ वर्षांच्या अशा नोंदींतून जे निघाले ते यंत्रे विकणाऱ्यांना फारसे आवडण्यासारखे नव्हते. मोठे बिघाड होतात त्यांत विजेचा वाटा सर्वांत मोठा, हे तर अपेक्षितच होते. पण त्यामागे माणसाची चूक किती, याचा संस्थेचा अंदाज दोन-तृतीयांशापासून चार-पंचमांशापर्यंत जातो. म्हणजे महागडी यंत्रे दुप्पट बसवून भागत नाही. हात शिकलेला हवा, आणि काम करावयाची रीत लिहिलेली हवी. ठरलेली रीत सोडून केलेले काम हे या चुकांतले नेहमीचे कारण.

एकेकट्याने शंभर वर्षे काम केले असते तरी कोणाला हे कळले नसते. मोठा बिघाड एका इमारतीत दहा वर्षांतून एखादा होतो. एका बिघाडावरून कोणी काय शिकणार? हजार इमारतींचे बिघाड एका वहीत आले तेव्हा त्यांचा स्वभाव दिसला.

आमच्या कापडधंद्याने हे कधीच केले नाही असे मात्र नाही. अहमदाबादची अटिरा १९४७ ची, घाटकोपरची बिट्रा १९५४ ची, कोईमतूरची सिट्रा १९५६ ची. सिट्राने सूतगिरण्यांकडून उत्पादनाचे आणि वाया जाणाऱ्या मालाचे आकडे घेऊन त्यांची आपसांत तुलना करण्याची पद्धत पाडली आणि दक्षिणेतल्या गिरण्यांना तिचा फायदा झाला. यंत्रमागवाल्यांपर्यंत ती पद्धत फारशी आलीच नाही. आमच्याकडे कसबी जॉबरचे ज्ञान जॉबरबरोबरच गावी जाते. असो.

तापमानाचा समझोता

एकत्र बसण्याने पैशांत काय फरक पडतो, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर हे पान व्यापाराचे आहे याचा विसर पडेल.

पूर्वी सर्व्हरच्या खोल्या अगदी गार ठेवीत. आत जाणारा मनुष्य स्वेटर घालून जाई. इतकी थंडी खरोखर लागते का, हे कोणी विचारीत नसे, कारण प्रत्येक यंत्र बनविणाऱ्याची अट निराळी आणि खोलीत यंत्रे सगळ्यांची. मग जो सर्वांत कडक अट घालील त्याच्याप्रमाणे खोली. थंड हवेच्या इंजिनियरांची अमेरिकेतील ॲशरे ही जुनी संस्था आहे. तिच्या एका समितीत प्रतिस्पर्धी उत्पादक एकत्र बसले आणि २००४ साली त्यांनी सर्वांना चालेल असे तापमान ठरविले, यंत्रात शिरणारी हवा २० ते २५ अंश. २००८ साली ते सैल करून १८ ते २७ अंश केले. वरच्या बाजूचे दोन अंश. ऐकावयास किती क्षुल्लक! पण ज्याच्या एअरकंडिशनिंगचे बिल कोटींत येते त्याला विचारा. विशेषतः आपल्यासारख्या उकाड्याच्या मुलुखात.

दुसरी गोष्ट मापाची. २००७ साली ग्रीन ग्रिड या नावाने कंपन्यांचा एक संघ झाला आणि त्याने पीयूई हे माप चालू केले. हिशेब सोपा आहे. इमारतीत आलेली एकूण वीज भागिले प्रत्यक्ष संगणकांनी खाल्लेली वीज. उत्तर २ आले तर एक युनिट कामाला आणि एक युनिट पंखे, थंडावा, गळती यांना. उत्तर १ च्या जितके जवळ तितका कारभार चोख. अपटाइमच्या पाहणीत २००७ साली सरासरी २.५ होती, २०२४ साली ती १.५६ वर आलेली दिसते. यातला मोठा उतार पहिल्या काही वर्षांतच झाला, नंतरच्या दहा वर्षांत आकडा जवळजवळ जागेवर बसला आहे, हेही नमूद केले पाहिजे. परंतु माप एक झाल्याशिवाय उतार झालाच नसता. गजाने मोजणारा आणि मीटरने मोजणारा यांच्यात कधी भाव ठरत नाही.

२०११ साली फेसबुकने आपल्या ऑरेगॉनमधील डेटा सेंटरचे आणि सर्व्हरचे नकाशेच जगाला खुले केले व त्यातून ओपन कम्प्यूट हा प्रकल्प उभा राहिला. २०१६ साली डीन नेल्सन यांनी इन्फ्रास्ट्रक्चर मेसन्स काढले. ईबे, उबर अशा ठिकाणी त्यांनी हेच काम पाहिलेले होते. मेसन म्हणजे गवंडी. ज्यांच्या बांधकामावर इंटरनेट उभे आहे ते गवंडी, असा त्या नावाचा भाव. तेथे कंपनीपेक्षा व्यक्तीला सभासद करण्यावर भर आहे. नोकरी बदलली तरी बिरादरी सुटत नाही. २०२२ साली त्यांनी इमारतीच्या सिमेंट-पोलादापासून विजेपर्यंत कर्बाचा हिशेब एकाच पद्धतीने मांडण्याचा करार पुढे आणला.

शिक्क्यांविषयी

अपटाइमचे नाव आपल्याकडे ज्यामुळे ऐकू येते ती गोष्ट म्हणजे टियर. जाहिरातीत टियर थ्री, टियर फोर असे मोठ्या अक्षरांत असते. पहिल्या टियरमध्ये गरजेपुरती साधने. दुसऱ्यात काही यंत्रे जादा. तिसऱ्यात कोणतेही एक यंत्र दुरुस्तीला काढले तरी काम बंद करावे लागत नाही. चौथ्यात एखादे यंत्र अवचित मोडले तरी काम चालू राहते. हा दर्जा नव्वदीच्या दशकात याच मंडळींच्या चर्चेतून घडला. मुळात तो आपसांत बोलण्याची भाषा होती. पुढे त्याचा शिक्का झाला आणि शिक्क्याची किंमत झाली. २००५ साली अमेरिकेतील दूरसंचार उद्योगाच्या संघटनेने आपल्या मानकात तोच शब्द वापरला. त्यावरून गोंधळ चालला तो २०१४ पर्यंत, तेव्हा त्या संघटनेने हा शब्द सोडून देण्याचे मान्य केले. दरम्यान २००९ साली अपटाइम इन्स्टिट्यूट ही ४५१ ग्रुप या व्यापारी कंपनीकडे गेली होती. ब्रिल २०१३ साली वारले.

शिक्का विकणारा आणि मित्रमंडळ जमविणारा एकच झाला की थोडी सावधगिरी बाळगावी, असे आमचे मत आहे. संस्था वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. पण जे व्यापारी बंधू आपला हिशेब कोणाच्या सर्व्हरवर ठेवतात, त्यांनी टियरचा आकडा ऐकून गप्प बसू नये. तो दाखला नकाशाचा आहे, की बांधून झालेल्या इमारतीच्या चाचणीचा, की ती इमारत चालविण्याच्या रीतीचा, हे विचारावे. हे तीन निराळे दाखले आहेत. उत्तम डिझाइनचा कागद हातात घेऊन भलतीच इमारत बांधता येते. मर्सराइज्डचा शिक्का मारलेले कापड आम्ही पुष्कळ पाहिले आहे.

धडा पोहोचत नाही तेव्हा

आता या बिरादरीची उणी बाजू. वही बंद कपाटात आहे. सभासदाला दिसते, इतरांना नाही. ज्यांचा माल त्या इमारतीत पडला आहे त्या आपल्यासारख्यांना तर मुळीच नाही. गुप्ततेची अट नसती तर कोणी खरे सांगितले नसते, हे आम्हाला मान्य आहे. तरीही तिची किंमत कोणीतरी मोजतो.

१० मार्च २०२१ च्या पहाटे फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली, दुसरीचा भाग गेला. मनुष्यहानी झाली नाही, पण पुष्कळ छोट्या व्यापाऱ्यांचा डेटा कायमचा गेला, कारण त्यांची दुसरी प्रतही त्याच आवारात होती किंवा नव्हतीच. अग्निशमन दलाच्या अहवालातून निघाले ते असे की आपोआप आग विझविण्याची व्यवस्था तेथे नव्हती आणि सगळी वीज एका जागेवरून तोडण्याची सोयही नव्हती.

दक्षिण कोरियाची कथा अधिक विचार करावयास लावणारी आहे. १५ ऑक्टोबर २०२२ रोजी पानग्यो येथील डेटा सेंटरच्या तळघरात लिथियम बॅटऱ्यांना आग लागली. सुरक्षिततेसाठी वीज तोडावी लागली आणि ज्या काकाओ सेवेवर त्या देशाचे बोलणे, टॅक्सी आणि पैशाचे व्यवहार चालतात ती ठप्प झाली. सर्व सेवा पूर्ववत व्हावयास पाच दिवसांहून अधिक लागले, कंपनीच्या दोन प्रमुखांपैकी एकाला राजीनामा द्यावा लागला, संसदेने कायदा बदलला. एवढे झाल्यावर सारा देश शहाणा झाला असेल असे कोणालाही वाटेल. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दाएजॉन येथील सरकारच्या स्वतःच्या डेटा सेंटरात पुन्हा लिथियम बॅटऱ्यांनीच पेट घेतला. सहाशेहून अधिक सरकारी सेवा बंद पडल्या. सरकारी कर्मचारी ज्या ठिकाणी आपली कागदपत्रे साठवीत तो सुमारे ८५८ टेराबाइटचा साठा जळाला आणि त्याची दुसरी प्रत नव्हती. यातली बोचणारी गोष्ट ही की बॅटऱ्या आणि सर्व्हर एका ठिकाणी नसावेत म्हणून त्या खाली हलविण्याचे काम चालू असतानाच आग लागली. म्हणजे पहिल्या आगीचा धडा वरच्या खुर्चीपर्यंत पोहोचला होता. पाना हातात धरून बॅटरीची जोडणी सोडविणाऱ्या माणसाच्या हातापर्यंत, तो काम कोणत्या क्रमाने करावयाचे इथपर्यंत, तो पोहोचावयाचा राहिला.

आणि येथेच आमच्या दारातला विषय सुरू होतो.

डोंगरापलीकडचे काम

समुद्राखालून येणाऱ्या परदेशी केबल मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतात, बँका आणि शेअर बाजार येथे आहेत, आणि २०१८ साली रिझर्व्ह बँकेने पैशांच्या व्यवहाराची माहिती देशातच ठेवण्याचा आदेश दिला. यामुळे देशातील डेटा सेंटरांच्या क्षमतेपैकी सुमारे निम्मी मुंबई आणि नवी मुंबईत आहे. ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत बस्तान मांडले, त्याआधी २०१५ साली मायक्रोसॉफ्टने पुणे आणि मुंबई निवडली, पनवेलला योट्टाची पहिली मोठी इमारत २०२० साली सुरू झाली. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात जेथे पूर्वी रसायनांचे आणि इंजिनियरिंगचे कारखाने होते तेथे आता खिडक्या नसलेल्या उंच इमारती दिसतात. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या धंद्याला पायाभूत सुविधेचा दर्जा मिळाला, त्यामुळे त्याला लांब मुदतीचे कर्ज मिळणे सोपे झाले.

मुंब्रा-कौसा येथून शीळफाट्यावरून महापे किती दूर आहे? भिवंडीहून ऐरोली? आमच्या वस्त्यांतील शेकडो मुले आयटीआयमधून वायरमन, इलेक्ट्रिशियन, एअरकंडिशनिंगचे मेकॅनिक, डिझेल मेकॅनिक होऊन दरवर्षी बाहेर पडतात. डेटा सेंटरला जी माणसे लागतात ती हीच. अपटाइमच्या २०२२ च्या जागतिक पाहणीत निम्म्याहून अधिक चालकांनी लायक माणूस मिळत नसल्याचे सांगितले होते. धंद्याला माणसे मिळत नाहीत आणि डोंगराच्या अलीकडच्या मुलांना तो धंदा आहे हेच ठाऊक नाही.

आमच्या ओळखीचा एक तरुण महापेच्या बाजूला अशाच एका इमारतीत कंत्राटदारामार्फत पाळीवर आहे. त्याने कामाची जी रीत सांगितली ती ऐकून आम्ही चकित झालो. एक ब्रेकर खाली ओढावयाचा असला तरी त्याचा कागद आधी लिहिलेला असतो. प्रत्येक पायरीला क्रमांक, कोठे चुकले तर मागे कसे यावयाचे तेही लिहिलेले. दोघे जातात. एकजण मोठ्याने वाचतो. दुसरा ब्रेकरवर बोट ठेवून त्याचा क्रमांक परत उच्चारतो. पहिला हो म्हणतो, मगच हात चालतो, आणि वेळ लिहिली जाते. तो हसत म्हणाला, “चाचा, घरी दिवा बंद करतानासुद्धा आता तोंडाने नंबर येतो.” आम्ही त्याला विचारले की ही रीत अशी का, हे कोणी सांगितले का? त्याला कोणी सांगितले नव्हते. त्या कागदातली प्रत्येक ओळ कोणाच्या तरी, कोठल्या तरी बिघाडातून आलेली आहे, आणि तीस वर्षांच्या त्या वहीत अशा हजारो गोष्टी आहेत, हे त्याला आमच्याकडून प्रथमच कळले. आणि आम्ही तर कापडवाले.

या बिरादरीविषयी आमची तक्रार ही एवढीच आहे. तिचे मेळावे मुंबईतही भरतात, पंचतारांकित हॉटेलात भरतात, आणि तेथे प्रमुख, उपाध्यक्ष, संचालक यांची ओळखदेख होते. ते हवेच. दोन कंपन्यांच्या प्रमुखांनी एकमेकांचा फोन नंबर ठेवला तर १२ ऑक्टोबर २०२० सारखी साऱ्या मुंबईची वीज जाते त्या दिवशी डिझेलचा टँकर कोठे मिळेल हे विचारता येते. परंतु बिघाड ज्याच्या हाताने होतो किंवा ज्याच्या हाताने टळतो तो कंत्राटी मुलगा त्या सतरंजीवर कोठेच नाही. तो आज एका कंत्राटदाराकडे आहे, उद्या दुसऱ्याकडे, आणि त्याचा तजुर्बा दरवेळी फाटकावर पासबरोबर जमा होतो. व्यक्तीला सभासद करण्याची जी रीत २०१६ च्या गवंड्यांनी काढली ती खरी त्याच्या उपयोगाची आहे.

आमच्या व्यापारी मंडळांना येथे करण्यासारखे काम आहे, आणि ते फार खर्चाचेही नाही. ऐरोली-महापे पट्ट्यात आपली जी मुले आधीच पाळीवर आहेत त्यांची यादी करावी. ती वीस निघोत की दोनशे. महिन्यातून एका रविवारी त्यांना एखाद्या शाळेच्या वर्गात बसवावे. कंपनीचे नाव घ्यावयाचे नाही, ग्राहकाचे नाव घ्यावयाचे नाही, नोकरीच्या करारात जे झाकावयाचे आहे ते झाकलेलेच ठेवावयाचे, फक्त हाताने काय शिकलो ते बोलावयाचे. आयटीआयच्या शेवटच्या वर्षाची मुले मागच्या बाकावर बसून ऐकतील. डेटा सेंटरच्या पेशाचे पहिले प्रमाणपत्र दोन दिवसांच्या शिक्षणाचे असते, पण त्याची फी पाळीवरच्या मुलाला झेपणारी नसते. त्यांतल्या हुशार दोघा-तिघांची फी मंडळाने भरावी व ती पगारातून हप्त्याने परत घ्यावी. उधारीचा व्यवहार आम्हाला शिकवावा लागत नाही.

इंग्रजीची अडचण खरी आहे. त्या कामाचे सारे कागद इंग्रजीत असतात आणि उर्दू किंवा मराठी शाळेतून आलेला मुलगा तेथे बिचकतो. आमच्या त्या तरुणाने त्यावर आपला उपाय काढला आहे. पायऱ्यांचे दीड-दोनशे शब्द त्याने एका छोट्या वहीत उतरविले आहेत, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला आपल्या भाषेत अर्थ. नव्या आलेल्या दोन मुलांनी तिच्या झेरॉक्स काढून घेतल्या आहेत. आम्हीही एक मागून घेतली असून मंडळाच्या पुढील बैठकीत ती समोर ठेवणार आहोत.